बादलीतला पाव

कोपऱ्यावरच्या गुत्त्याला पूर्वी नाव नव्हतं. ‘कुठे गेलेत?’ या प्रश्नाला ‘कोपऱ्यावर’ एवढं उत्तर पुरायचं. विचारणारी बायको काय ते समजायची आणि ताट झाकून ठेवायची. आता त्याला नाव आहे. ते दारावर इतक्या बारीक अक्षरांत लिहिलंय, की ज्याला आधीपासून माहीत आहे त्यालाच ते वाचता येतं. हेतूही बहुधा तोच असावा. आता त्याला गुत्ता म्हणत नाहीत, पब म्हणतात, आणि रविवारी दुपारी लोक तिथे पोराबाळांना घेऊन जेवायला येतात.

त्या गुत्त्याच्या स्वयंपाकघरात वहिनीने बावीस वर्षं काढली. तशी ती तिथे कामाला गेलीच नव्हती, भांडायला गेली होती. नवरा पोस्टमन. सकाळचं टपाल वाटून झालं की उरलेला दिवस मोकळा, आणि मोकळ्या माणसाला कोपरा फार लांब नसतो. एका शुक्रवारी ती मुलीला कडेवर घेऊन थेट आत शिरली. नवरा सापडला. त्याच्यापुढे सूपाची वाटी होती. तिने त्यात बोट बुडवलं, चाखलं, आणि नवऱ्याला सोडून मालकालाच धरलं.

“हे काय आहे? भांडी विसळलेलं पाणी?”

मालक जाडजूड, संथ माणूस. तो म्हणाला, “वहिनी, मग तुम्हीच करून दाखवा.”

तिने मुलीला नवऱ्याच्या मांडीवर टाकलं, बाह्या सरसावल्या आणि करून दाखवलं. सोमवारपासून ती कामाला लागली. नवऱ्याची दारू त्याच आठवड्यात सुटली. बायको आत रांधतेय आणि आपण बाहेर बसून पितोय, एवढी छाती त्याच्याकडे नव्हती. मालकाने एकदा वहिनी म्हटलं ते गिऱ्हाइकांनी उचललं, आणि ती सगळ्यांचीच वहिनी झाली. माणूस कितीही झिंगलेला असो, “वहिनी येतायत” म्हटलं की अर्धी उतरायची.

तिचं सूप साधंच होतं. हाडं आधी भाजायची, कांदा काळपट होईस्तोवर परतायचा, शिळ्या पावाच्या कडा टाकून दाटपणा आणायचा, आणि मग तीन तास त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. झालं की ती पळी पातेल्याच्या काठावर दोनदा आपटायची. टक्, टक्. बाहेर बाकं सरकल्याचा आवाज व्हायचा. सूपाशिवाय, दुसरं कुणीही करणार नाही अशी सगळी कामं तिच्याकडेच होती, आणि गुत्त्यात अशी कामं बरीच असतात.

मुलीला मात्र तिने उंबरठ्याच्या आत कधी येऊ दिलं नाही. शाळेतून आली की मागच्या पायरीवर बसायचं, अभ्यास करायचा, आत डोकावायचं नाही. “तू इथे काम करायला जन्मली नाहीस,” ती म्हणायची. मुलीने बँकेत लागावं असं तिच्या मनात होतं. मुलगी पायरीवर बसून गणितं सोडवायची आणि तिचे कान पातेल्याकडे असायचे. बारावीनंतर ती स्वयंपाकाचं शिकायला गेली. वहिनी आठवडाभर बोलली नाही; आठव्या दिवशी बोलली ती एवढंच, की “कांदा चिरताना कोपर आत ठेव.”

पुढे मालकाचे गुडघे गेले आणि त्याने दार ओढून घेतलं. सहा वर्षं कुलूप होतं. तेवढ्यात आजूबाजूची वस्ती पालटली. सायकल दुरुस्तीच्या दुकानात कॉफी मिळायला लागली आणि भिंतीवरच्या सायकली तशाच ठेवल्या, फक्त आता त्या कुणी दुरुस्त करायच्या नव्हत्या. धोब्याच्या जागी फुलवाला आला, तो एकेक फूल विकतो. ज्यांना घेऊन पूर्वी या भागात रिक्षासुद्धा यायला तयार नसायची, ते आता म्हणायला लागले की इथे कसं ‘खरं’ वाटतं. जे खरोखर इथे राहत होते त्यांतले निम्मे तोवर भाडं परवडत नाही म्हणून लांब गेले होते. वहिनीचं घर स्वतःचं होतं, म्हणून ती उरली. बघायला.

मग कुलूप काढणारा आला. कात्रीने आखून घेतल्यासारखी त्याची दाढी होती. वहिनीने पहिल्याच दिवशी त्याचं नाव दाढी ठेवलं आणि ते बदलायचं कारण तिला पुढे कधी मिळालं नाही. जुन्या मालकाने विटा दिसू नयेत म्हणून हौसेने भिंतींना गिलावा केला होता. दाढीने माणसं लावून तो गिलावा खरवडून काढला, कारण त्याला विटा दिसायला हव्या होत्या. चांगली बाकं मोडीत दिली आणि दुसऱ्या कुणीतरी मोडीत दिलेल्या खुर्च्या आणल्या, एकीला दुसरीचा मेळ नाही. दिव्यांवरच्या काचा काढून बल्ब उघडे लोंबत ठेवले. “आमच्या घरात असा बल्ब होता तेव्हा लोक आम्हाला गरीब म्हणायचे,” वहिनी म्हणाली.

एवढं सगळं ती रस्त्यावरून, दारातून बघून म्हणत होती. आणि मग एके दिवशी मुलगी घरी येऊन म्हणाली, “आई, मला कोपऱ्यावर काम मिळालंय.”

तीन महिने बघणार, जमलं तर स्वयंपाकघराची मुख्य म्हणून कायम, नाही तर नमस्कार. याआधी दोन मुख्य येऊन गेले होते. दाढी सगळ्यांना सांगायचा, “मला सर म्हणू नका, आपण सगळे घरचे आहोत.” त्या दोघांनाही त्याने खांद्यावर हात ठेवून, घरच्यासारखंच काढलं होतं. मुलगी तीस वर्षांची होती. आधीच्या हॉटेलात तिने चार वर्षं फक्त भाज्या चिरल्या होत्या, आणि तिला भीती होती की हे गेलं तर पुन्हा ती विळी-चाकूच्या कोपऱ्यातच जाऊन पडेल. रात्री ती झोपेत कूस बदलायची ते वहिनीला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. आईचे कान ते. मूल तीस वर्षांचं झालं म्हणून काही बंद होत नाहीत.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी दाढीने मुलीच्या आईवडिलांना जेवायला बोलावलं. त्याच दिवशी तो निकाल सांगणार होता.

“आई, एक शब्द बोलायचा नाहीस,” मुलीने चौथ्यांदा बजावलं.

“मी कधी काय बोलते?”

यावर पोस्टमन इतका खोकला, की त्याला पाणी द्यावं लागलं.

“नावं ठेवायची नाहीत. भिंतीला नाही, खुर्चीला नाही, त्यांना नाही. आवडलं तर छान म्हण. नाही आवडलं तरी छान म्हण. आई, माझं सगळं यावर आहे गं.”

शेवटचं वाक्य मुलीने हळू आवाजात म्हटलं. वहिनीने तोंडावर बोट ठेवून दाखवलं आणि मनातल्या मनात शपथ घेतली.

रविवारी एक वाजता दोघं ठेवणीतले कपडे घालून गेली. वहिनीला बसायला मिळाली ती शाळेतली खुर्ची, ठेंगणी. पोस्टमनला मिळाली ती उंच. तो तिच्याकडे टाकीवरून खाली बघावं तसा बघत होता. टेबल म्हणजे जुनं दार आडवं घातलेलं. कडीसुद्धा तशीच होती.

“हे दार उघडलं तर ताटं खाली जातील,” पोस्टमन म्हणाला.

“छान आहे,” वहिनी म्हणाली.

पहिलं ताट आलं. परातीएवढं ताट, आणि मधोमध एक गाजर आडवं पडलेलं. शेपटासकट. हे दाढीच्या यादीतलं होतं, मुलीचं नव्हे. मुलीने घरी सांगून ठेवलं होतं की सूप तेवढं माझं.

“बाकीचं येतंय का?” पोस्टमनने वाढणाऱ्या मुलीला विचारलं.

“हेच आहे काका. हे मातीची गोष्ट सांगतं.”

“अहो, खा,” वहिनी दात आवळून म्हणाली. “छान आहे.”

तेवढ्यात आतून आवाज आला. टक्, टक्. पळी पातेल्याच्या काठावर दोनदा. वहिनीच्या हातातला काटा थांबला. तिने हे मुलीला कधी शिकवलं नव्हतं.

सूप आलं आणि त्याबरोबर पाव आला. पाव ताटात नव्हता. एका पत्र्याच्या बादलीत तपकिरी कागद घालून त्यात पावाचे गरम तुकडे रचले होते.

वहिनीने बादलीकडे पाहिलं. मग जरा वाकून पाहिलं. कडीला तांब्याची तार गुंडाळलेली. एका अंगाला पोचा. आणि बुडाशी, बोटभर लांबीचा, वाकडा, तिनेच कल्हईवाल्याकडून घासाघीस करून भोकावर लावून घेतलेला डाग.

ती बादली तिने अंधारातही ओळखली असती. गुत्त्यात ज्या माणसाला झेपत नाही आणि ज्याला दारापर्यंत पोचायला वेळ मिळत नाही, त्याच्यासमोर जी बादली धरावी लागते, ती ही. बावीस वर्षं, शुक्रवारी आणि शनिवारी जास्त. पोट उलटलेल्या पंचक्रोशीने त्या बादलीत तोंड घातलं होतं. रोज राखेने घासून ती मागच्या दारामागे उलटी टांगायची, आणि शेवटच्या दिवशीही तिने ती तशीच टांगून कुलूप लावलं होतं. दाढीच्या माणसांना ती तिथेच सापडली असणार. मोडीत देण्यासारखं सगळं त्यांनी ठेवलं होतं, त्यात हीच कशी सुटेल?

पोस्टमनचा हात पावाकडे गेला. तिने तो वरचेवर पकडला.

“अहो, पाव नको.”

“का गं? गरम आहे.”

“तुम्हाला साखर आहे.”

“मला कुठे साखर आहे?”

“आता झाली. गप सूप प्या.”

पोस्टमन चाळीस वर्षांचा अनुभवी नवरा होता. तो सूप प्यायला लागला.

तिनेही चमचा तोंडात घातला आणि क्षणभर बादली विसरली. हाडं भाजलेली, कांदा नेमका काळपट, पावाच्या कडा विरघळलेल्या. तिचंच सूप होतं आणि तिचं नव्हतं; मीठ चिमूटभर कमी होतं, आणि त्यामुळे कांद्याची गोडी आधी यायची, जी तिच्या सूपात बावीस वर्षं मागून येत होती. एवढ्या मोठ्या सोंगात ही एकच खरी वस्तू होती.

आणि दाढी आला. खुर्ची ओढून त्यांच्याच टेबलाशी बसला. त्याच्यापुढेही वाटी ठेवली गेली. त्याने फोन काढून वाटीचा फोटो घेतला, मग वाटी किंचित फिरवून आणखी एक घेतला, आणि फोनबरोबर वाटीही विसरून गेला.

“मी तुम्हाला आई म्हटलं तर चालेल ना?”

स्वतःची कुठे ठेवलीये, हे वहिनीच्या ओठांवर आलं होतं. तिने घोटभर सूपाबरोबर ते गिळलं.

“छान आहे,” ती म्हणाली.

“काय छान आहे?”

“सगळंच.”

तो खूष झाला. त्याने बादलीतून पावाचा मोठा तुकडा उचलला, बादलीच्या आतल्या कडेला लागलेला लोण्याचा थेंब त्या तुकड्याने पुसून घेतला आणि तो तोंडात कोंबला. वहिनी बघत राहिली. त्याला थांबवायला एक शब्द पुरला असता. मुलीने शब्द बोलायचा नाही असं सांगितलं होतं, आणि वहिनी इतक्या आनंदाने आयुष्यात कधी मुलीच्या आज्ञेत राहिली नव्हती.

“ही बादली बघितलीत?” दाढी चावता चावता म्हणाला. “मूळची आहे. याच जागेतली. लोक हिच्यासाठी येतात. एकच आहे, म्हणून आम्ही ती टेबलाटेबलावरून फिरवतो.”

“काय सांगता,” वहिनी म्हणाली.

वाढणाऱ्या मुलीने बादली उचलली आणि ती खिडकीतल्या टेबलावर नेऊन ठेवली. तिथे एक जोडपं बसलं होतं, आणि त्यांच्यामध्ये उंच खुर्चीत दीड-दोन वर्षांची पोर. पोरीने दोन्ही हातांनी बादलीची कड धरली, तोंड पुढे केलं आणि जिथे पोचा होता नेमकी तिथे जीभ लावली. तिची आई हसली. “बघ, किती आवडली तिला.”

वहिनीचा आनंद तिथे संपला. दाढीने खाल्लं तर खाऊ दे, त्याच्या पोटाची काळजी त्याच्या दाढीने करावी. पण ते लेकरू होतं. आणि उद्या हे कुणी ओळखलं, जुन्या गिऱ्हाइकांतला एखादा सहज डोकावला आणि खो खो हसला, तर कोण जाणार? बादली कुणी शोधून काढली हे कुणी विचारणार नाही. पाव कुणी भरला ते विचारतील. पाव मुलगी भरत होती.

ती उठली.

“ती बादली उचला तिथून!”

आवाज जुनाच होता, बाकावरच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा. सगळ्या पबच्या माना वळल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीत मुलीचा चेहरा आला, आणि त्यावरचा रंग गेलेला वहिनीला इतक्या लांबूनही दिसला.

“का? काय झालं?” दाढी दचकून म्हणाला.

खरं सांगायला सात शब्द लागले असते. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं: लोण्याने चकाकणारी दाढी, वाटीत न बुडलेला चमचा, उघडं तोंड. या माणसाला खरं काय आहे ते कशाला सांगायचं? त्याला खरं वाटेल ते द्यावं.

“तुम्हाला कुणी सांगितलं नाही?” ती आवाज खाली आणत म्हणाली. “ही पहिली बादली आहे. मालकाच्या वडिलांनी जागा उघडली, तेव्हा पहिलं पाणी हिच्यातून आणलं. तेव्हापासून ही दारावर टांगलेली असायची. हिला अन्न लावायचं नाही, जमिनीला टेकवायची नाही. बावीस वर्षं मी स्वतः रोज घासून टांगत होते. एकदा एकाने चुकून हिच्यात बटाटे ठेवले, तर महिनाभर गिऱ्हाईक फिरकलं नाही.”

पोस्टमनने सूपाच्या वाटीत मान घातली. त्याचे खांदे हलत होते.

दाढी पांढरा पडला. “मंगळवार-बुधवार,” तो पुटपुटला. “दोन महिने मंगळवार-बुधवार रिकामे जातायत.” चांगली बाकं मोडीत देणारा माणूस धावत खिडकीशी गेला आणि त्या पोरीच्या हातून त्याने बादली जवळजवळ हिसकावून घेतली. पोर भोकाड पसरून रडायला लागली. “तिचं तोंड पुसा हो बाई, आणि हातपण,” वहिनी तिच्या आईला म्हणाली. “कोमट पाण्याने. साबण लावून. लोणी लागलंय फार.”

पाच मिनिटांत बादली घासून, खुर्चीवर चढून दारावर टांगली गेली. उघड्या बल्बच्या नेमकी खाली. मग दाढी फोन घेऊन आला आणि म्हणाला, ते पुन्हा एकदा सांगाल का, पहिल्यापासून? वहिनीने पुन्हा सांगितलं. दुसऱ्या खेपेला पाणी विहिरीचं झालं आणि बटाट्यांचे दोन महिने झाले.

“आई, तुम्ही कमाल आहात,” दाढी म्हणाला. “मला अशीच माणसं हवीत. ज्यांच्याकडे वारसा आहे. तुमच्या मुलीचं काम आजपासून पक्कं. विषय संपला.”

“आणि सूप?”

“हो, तेही छानच असणार!” तो म्हणाला, आणि बादलीचा फोटो घ्यायला निघून गेला.

वहिनी बसली. तीन महिने मुलगी पहाटे उठून हाडं भाजत होती, हात पोळून घेत होती, झोपेत कुशी बदलत होती. पक्की झाली ती ओकारीच्या बादलीवर. दाढीची वाटी तिच्यासमोर होती, काठोकाठ, वर तुपकट तवंग धरलेला. थोड्या वेळाने ही वाटी आत जाईल आणि मुलगी ती बघेल. वाढणारी मुलगी ताटं उचलायला दुसऱ्या टोकाकडून निघालीच होती.

वहिनीने वाटी ओढली आणि थंड सूप प्यायला सुरुवात केली.

“अगं, हे काय? ती त्यांची आहे,” पोस्टमन म्हणाला.

“दिसतंय मला.”

“मला साखर म्हणून पाव नाही, आणि तू दोन दोन वाट्या?”

“अहो, गप बसा.” तिने शेवटचा थेंब बोटाने निपटला. रिकामी वाटी आपल्या वाटीत रचली, त्यावर नवऱ्याची ठेवली, आणि तिन्ही स्वतःच्या हाताने वाढणाऱ्या मुलीच्या तबकात ठेवल्या.

दोघं उठून मागच्या दाराशी गेली, तेव्हा मुलगी ॲप्रनला हात पुसत पायरीवर आली. डोळे लाल होते. कांद्याने की कशाने, ते वहिनीने विचारलं नाही.

“पक्कं झालं, आई! सरांनी आत येऊन सांगितलं.” मग आवाज खाली आणत म्हणाली, “पण ती बादलीची गोष्ट तू मला कधी सांगितली नाहीस.”

“तुला आत कुठे येऊ दिलं होतं मी? आणि ऐक, तिला हात लावू नकोस. घासायची झाली तर दुसऱ्याला सांग. सगळे पाव टाकून दे.”

मुलीने आईकडे रोखून पाहिलं. मग हळूहळू तिला काहीतरी कळलं असावं, कारण तिने तोंडावर हात दाबला आणि ती पायरीवर मटकन बसली, जिथे ती लहानपणी बसायची तिथेच. हसू आवरल्यावर तिने जे विचारलं, ते विचारायला ती बाहेर आली होती.

“तिन्ही वाट्या रिकाम्या आल्या आत. त्यांनीही संपवलं?”

“चाटूनपुसून.”

पोस्टमनने तोंड उघडलं. वहिनीने त्याच्या पायावर पाय ठेवला आणि तो तिथेच ठेवून दिला.

“खरंच?” मुलीचा अजून विश्वास बसत नव्हता. “तू उगीच म्हणत नाहीयेस ना? माझ्यासाठी?”

वहिनीने तिच्या ॲप्रनची सैल झालेली गाठ आवळली.

“मीठ चिमूटभर कमी होतं,” ती म्हणाली. “आणि पळी इतक्या जोरात आपटायची नसते, पातेल्याचा काठ बसतो.”

मुलीचा चेहरा एकदम उजळला. आईने नाव ठेवलं म्हणजे बाकीचं सगळं खरं असतं, एवढं तिला लहानपणापासून माहीत होतं. ती उठली आणि आत पळाली.